तलवार ठेवली, मॅग्नोलिया घडवला. कोण होते सुलांज-बोदँ?

पालवी फुटण्याआधीच उघड्या फांद्यांवर पेल्यांसारखी गुलाबी-पांढरी फुले. युरोप-अमेरिकेतील बागांमध्ये दिसणारा हा मॅग्नोलिया आपल्या सोनचाफ्याच्याच कुळातला. तो घडवला एका माजी सैन्याधिकाऱ्याने.

एतिएन सुलांज-बोदँ यांचा जन्म १७७४ मध्ये फ्रान्समध्ये झाला. नेपोलियनच्या सैन्यात असताना त्यांनी युद्धाची झळ जवळून पाहिली. लढण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी घरी राहून कोबी पिकवला असता तर बरे झाले असते, असे त्यांचे मत बनले. पुढे पॅरिसजवळ फ्रोमाँ येथे त्यांनी बाग उभारली.

तिथे १८२० मध्ये त्यांनी मूळच्या चीनमधील दोन जातींचा संकर केला. एक पांढरी, सुगंधी. पण लवकर फुलत असल्याने तिची फुले हिमात करपायची. दुसरी जांभळी, उशिरा फुलणारी. संकराचे पहिले फूल १८२६ मध्ये उमलले. सहा वर्षे वाट पाहावी लागली.

१८४६ मध्ये त्यांचे निधन झाले. नाव मात्र झाडाने जपले: मॅग्नोलिया सुलांजियाना.

थंड प्रदेशात हे झाड लावताना जागा आधीच नीट ठरवावी लागते. त्याच्या मांसल मुळांना हलवाहलव सोसत नाही. छाटणीही बेताचीच करावी, तीसुद्धा फुले गळून गेल्यावर.