डॅनियल फॅरेनहाइट: थर्मामीटरवरच्या आकड्यांमागचा माणूस

मे महिन्यात वाशिम, कारंजा, रिसोड भागात पारा ४० च्या वर जातो. हे तापमान सेल्सिअसमध्ये सांगितलेले असते. घरात लेकराच्या काखेत थर्मामीटर लावला की मात्र आपण १००, १०२ असे आकडे शोधतो. ते फॅरेनहाइटमध्ये असतात. इथेच गफलत होते. डिजिटल थर्मामीटर सेल्सिअसवर असेल आणि त्यावर ३९ दिसले, तर आकडा लहान म्हणून ताप नाही असे वाटू शकते. प्रत्यक्षात तो १०२.२ फॅरेनहाइट, म्हणजे चांगलाच ताप आहे.

फॅरेनहाइट हे एका माणसाचे आडनाव आहे. डॅनियल गॅब्रिएल फॅरेनहाइट यांचा जन्म १६८६ मध्ये डान्झिग शहरात, व्यापारी कुटुंबात झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. १७०१ मध्ये विषारी अळिंबी खाल्ल्याने त्यांचे आई-वडील एकाच दिवशी दगावले. तेव्हा डॅनियल १५ वर्षांचे होते आणि भावंडांत थोरले होते. त्यांना व्यापार शिकण्यासाठी अ‍ॅम्स्टरडॅमला पाठवले गेले, पण त्यांचे मन रमले ते काचेच्या नळ्यांत आणि मोजमापाच्या उपकरणांत.

त्या काळी प्रत्येक कारागिराचा थर्मामीटर वेगळा आकडा दाखवत असे. १७०८ मध्ये फॅरेनहाइट कोपनहेगनला शास्त्रज्ञ ओले रोमर यांना भेटले आणि थर्मामीटरवर खुणा कशा करतात हे त्यांनी पाहिले. आधी ते नळीत अल्कोहोल भरत. १७१४ च्या सुमारास त्यांनी पारा वापरून अचूक थर्मामीटर बनवले. पारा चढला असे आपण आजही म्हणतो, तो हाच पारा.

१७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. त्याच वर्षी त्यांनी आपली मोजपट्टी मांडली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या थंडगार मिश्रणाला त्यांनी ० धरले, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी माणसाच्या तोंडातील किंवा काखेतील उष्णतेला ९६. म्हणजे माणसाचे शरीर ही या मोजपट्टीची एक खूणच होती. १७३६ मध्ये, वयाच्या ५० व्या वर्षी, हेग शहरात त्यांचे निधन झाले.

पुढे पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ धरून ही मोजपट्टी पक्की केली गेली. १७४२ मध्ये स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांनी १०० अंशांची मोजपट्टी सुचवली. १८६८ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या नोंदींवरून ३७ सेल्सिअस हे शरीराचे सरासरी तापमान सांगितले. त्याचेच ९८.६ फॅरेनहाइट होतात. निरोगी माणसातही हा आकडा दिवसभरात थोडा कमी-जास्त होतो.

घरी लक्षात ठेवा

सेल्सिअसच्या आकड्याला १.८ ने गुणून त्यात ३२ मिळवले की फॅरेनहाइट मिळते. तापाच्या वेळी हिशेब करत बसण्यापेक्षा हे चार आकडे थर्मामीटरच्या डबीवर लिहून ठेवा:

- ३७ सेल्सिअस = ९८.६ फॅरेनहाइट
- ३८ सेल्सिअस = १००.४ फॅरेनहाइट (इथून ताप धरतात)
- ३९ सेल्सिअस = १०२.२ फॅरेनहाइट
- ४० सेल्सिअस = १०४ फॅरेनहाइट

हवेचे ४० अंश आपल्याकडे उन्हाळ्यात नेहमीचे असले, तरी शरीराचे ४० अंश धोक्याचे आहेत. उन्हातून आलेल्या माणसाला इतका ताप असेल आणि तो बरळत असेल किंवा बेशुद्ध पडला असेल, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला आणि लगेच रुग्णालयात हलवा. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरेनहाइट ताप आला, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांना फोनवर ताप सांगताना आकड्यासोबत थर्मामीटरवरचे C किंवा F हे अक्षरही सांगा, आणि ताप काखेत मोजला की तोंडात तेही सांगा. काचेचा जुना थर्मामीटर फुटला, तर सांडलेल्या पाऱ्याला हात लावू नका आणि मुलांना दूर ठेवा. पारा विषारी असतो.