कै. सदाशिव गोविंद बर्वे आणि पुण्याचे पूरग्रस्त

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका दिवंगत थोर पुरुषाचा परिचय करून देण्याचा प्रघात आहे. यंदा कोणाचे चरित्र द्यावे याचा विचार करीत असता, पुण्यास राहणाऱ्या आपल्या कित्येक कुटुंबांचा आजचा पत्ता ज्यांच्या कामामुळे ठरला, त्या कै. सदाशिव गोविंद बर्वे यांचे नाव आमच्या मनात प्रथम आले. सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर, दत्तवाडी ही नावे आज आपल्या सभासदयादीत जागोजागी आढळतात. ही मंडळी मूळची नदीकाठच्या पेठांतली. ती तेथून का उठली आणि येथे कशी वसली, हे तरुण पिढीस ठाऊक असेलच असे नाही.

बर्वे यांचा जन्म १९१४ सालचा. इंग्रजी अमदानीत ते आय. सी. एस. झाले, आणि त्या काळच्या हुशार मुलांच्या आयुष्यात जी बढतीची पायरी ठरलेली असे ती चढू लागले. तो भाग आम्ही येथे विस्ताराने सांगत नाही. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५० साली पुण्याची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली, तेव्हा तिचे पहिले आयुक्त म्हणून बर्वे यांची नेमणूक झाली. शहरातील गटारे, नळ, रस्ते आणि वाडे हे त्यांना त्या काळापासून परिचयाचे झाले. पुढे १९५५ साली बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली राजभाषा आयोग नेमला गेला, त्याचे ते सचिव होते. म्हणजे कागद आणि चिखल या दोहोंशी त्यांचा सारखाच परिचय होता. पुढे जे काम अंगावर येणार होते, त्यास दोन्ही लागणार होती.

१२ जुलै १९६१ चा बुधवार. अंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण त्या पावसाळ्यात पुरते झालेले नसतानाच पाण्याने भरत चालले होते. पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे राहिले होते व त्यावरील भराव खचू लागला होता. आदल्या रात्रभर लष्कराचे जवान वाळूची पोती रचीत होते. सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणात आले आणि दुपारी तेही फुटले. पुण्यात पाणी दुपारपूर्वीच चढू लागले होते. लोक पुलांवर पाणी पाहावयास गेले होते, ते जीव घेऊन परतले. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांचा नदीकडचा भाग आणि पलीकडे डेक्कन जिमखाना पाण्यात गेला. बंडगार्डनचा पूल तेवढा वापरण्यास राहिला. किती माणसे गेली याचा आकडा वेगवेगळा सांगितला जातो. सर्वसाधारणपणे हजाराच्या आसपास सांगतात.

आम्ही त्या वेळी शाळकरी होतो. नारायण पेठेत आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. रात्री पाणी ओसरल्यावर वडील कंदील घेऊन पाहून आले. भिंत उभी आहे एवढेच ते आईला म्हणाले आणि खाली बसले. मातीच्या भिंतीचे वाडे भिजले की उभे राहूनही मेलेलेच असतात, हे आम्हांस दुसऱ्या दिवशी कळले. दुसऱ्या दिवशीच पुन्हा पाणी आल्याची आवई उठली व सारे शहर पर्वतीच्या दिशेने धावले. त्या धावपळीतही आईने तांब्याचा हंडा कडेवरून सोडला नाही. घरातील तेवढेच एक भांडे उरले होते.

पहिल्या आठवड्याविषयी पुणेकरांनी अभिमान बाळगावा असेच बरेच काही आहे. न बुडालेल्या घरांनी बुडालेल्यांना थारा दिला. शाळा आणि मंगल कार्यालये यांत माणसे राहिली. विद्यार्थी व जवान चिखल उपसत होते. खडकवासल्याचे पाणी गेल्यामुळे नळ कोरडे पडले, तेव्हा वर्षानुवर्षे झाकून ठेवलेले आड उपसून त्यांचे पाणी वापरात आले. गावोगावांहून धान्य, कपडे, घोंगड्या, भांडी यांचे ढीग येऊन पडले. परंतु ढीग पडणे निराळे व ते योग्य घरी पोचणे निराळे. आम्ही ज्या शाळेत उतरलो होतो, तेथे एका कुटुंबास तीन वेळा घोंगड्या मिळाल्या आणि कोपऱ्यातील एका विधवेस एकही मिळाली नाही. वाटणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. ती बाई पुढे येऊन मागत नव्हती, एवढेच.

अशा वेळी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पूरग्रस्तांच्या साहाय्याचे आणि पुनर्वसनाचे काम बर्वे यांच्याकडे सोपविले. लोक संतापलेले होते. सरकारी धरण फुटले आणि त्याच दिवशी धोका नसल्याचेही सांगितले गेले, हा राग घराघरांत होता. त्या सरकारचाच अधिकारी म्हणून बर्वे आले. शहर त्यांना ओळखत होते व ते शहरास ओळखत होते, ही त्यांची जमेची बाजू होती.

या कामाची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. भुकेल्यास अन्न देणे कठीण असले तरी त्याचा हिशेब सोपा आहे. बेघरास घर देण्यात मात्र प्रश्नांतून प्रश्न निघतात. वाडा मालकाचा, पण राहत होते दहा भाडेकरू. वाडा पडला तर जागा मालकाची राहते. भाडेकरूचे काय राहते? चार रुपये, सहा रुपये भाड्याने पिढी दोन पिढ्या राहिलेल्या माणसाजवळ दाखवावयास भाडेपावतीसुद्धा नव्हती. ती नदीत गेली होती. शिधापत्रिका गेल्या, मुलांचे दाखले गेले, दुकानदारांच्या वह्या गेल्या. जो खरोखर बुडाला त्याच्याकडेच पुरावा नाही, अशी ही विचित्र स्थिती. तिकडे शाळांत माणसे राहिली की मुलांचे शिक्षण थांबते, म्हणून शाळा मोकळ्या करणे भाग. शाळा मोकळ्या करावयाच्या तर माणसे कोठे न्यावयाची? नदीकाठी परत पाठवावीत तर भिंती अंगावर येण्याची भीती.

यातून मार्ग निघाला तो पायऱ्यापायऱ्यांनी. प्रथम शहराच्या मोकळ्या बाजूंस तात्पुरते निवारे उभे राहिले. त्यांतील अर्धगोल पत्र्याच्या, निसेन हट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झोपड्या आमच्या वयाच्या मंडळींस चांगल्या आठवत असतील. उन्हाळ्यात त्या तापत आणि पावसात त्यांवर असा आवाज होई की बोललेले ऐकू येत नसे. तरी पण दाराला कडी होती, आणि शाळेच्या वर्गात पडदा लावून राहिलेल्या बाईस त्या कडीचे मोल विचारावे. नंतर चाळवजा वसाहती आल्या. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था. अशा १०३ संस्था झाल्या. सरकारने जागा द्यावी, कर्ज द्यावे, आणि सभासदांनी संस्था करून हप्त्यांनी ते फेडावे, अशी ती रचना. काल जो पेठेत भाडेकरू होता तो पर्वतीच्या पायथ्याशी स्वतःच्या घराचा धनी झाला. आमच्या मते बर्वे यांच्या कामाचे सार येथे आहे. मदत घेणाऱ्याला मदतीच्या रांगेतून लवकरात लवकर बाहेर काढणे हाच त्या रचनेचा हेतू दिसतो.

सारेच गोड झाले असे मात्र नाही. तात्पुरते म्हणून बांधलेले निवारे वर्षानुवर्षे तसेच राहिले. संस्थांच्या जमिनीच्या मालकी हक्काचा प्रश्न पुढे अनेक दशके सरकारदरबारी रेंगाळला; ज्यांनी पहिला हप्ता भरला त्यांतील कित्येक तो सुटण्याची वाट पाहतच गेले. बर्वे यांच्यानंतर आलेल्या माणसांना त्या कामाची तातडी वाटली नाही, असे म्हणावे लागते. आणि पेठांतील शेजार तुटला तो तुटलाच. आमची आई शेवटपर्यंत ओंकारेश्वराची घंटा ऐकू येत नाही म्हणून हळहळत असे.

पुराच्या कामानंतर बर्वे यांनी सरकारी नोकरी सोडली आणि १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत ते शिवाजीनगर मतदारसंघातून काँग्रेसतर्फे उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची धग पुण्यात अजून विझली नव्हती. त्यात आदल्याच वर्षीचा पूर. अशा शहरात सत्ताधारी पक्षाचा उमेदवार म्हणून ते निवडून आले, ते पक्षामुळे आले की चिखलात केलेल्या कामामुळे, हे वाचकांनीच ठरवावे. राज्याचे अर्थमंत्री म्हणून त्यांनी काम केले. महाराष्ट्राच्या सिंचनाचा विचार करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते व १९६२ साली त्याचा अहवाल आला. धरण फुटल्याने उठलेल्यांना बसविणाऱ्यानेच राज्यात पाणी कोठे व कसे अडवावे हे सुचवावे, हा योग विलक्षण खरा. पुढे ते केंद्रीय नियोजन मंडळाचे सदस्य झाले.

१९६७ च्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईतून त्यांनी व्ही. के. कृष्ण मेनन यांचा पराभव केला. ती निवडणूक देशभर गाजली. पण लोकसभेत काम करण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. निकाल लागून थोडेच दिवस झाले असता ६ मार्च १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. त्या जागी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे उभ्या राहिल्या आणि त्यांनीही मेनन यांना हरविले.

पुण्यात शिवाजीनगरच्या एका चौकास स. गो. बर्वे यांचे नाव आहे. आमचे वडील सहकारनगराहून बसने तिकडे गेले की त्या पाटीकडे पाहून टोपी सारखी करीत. घराचा शेवटचा हप्ता भरल्याची पावती त्यांनी ट्रंकेच्या तळाशी, आईच्या त्या हंड्यात गुंडाळून ठेवली होती. ती आमच्याकडे अद्याप आहे.