हिंदुस्थान शिकायला आलेला पाद्री

द्वितीय वर्ष कला

मिशनच्या शाळेत घातलेले पोर बाटते, असे माझी आजी ठामपणे सांगते. माले गावच्या आमच्या घरातून महाविद्यालयापर्यंत पोहोचलेला मी पहिलाच, त्यामुळे तिला खोडून काढायला माझ्याजवळ पुरावा नव्हता. फादर हेन्री हेरास यांच्याविषयी वाचले आणि पुन्हा वाद घालावासा वाटला.

हेरास यांचा जन्म १८८८ सालचा, स्पेनमधला. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ मध्ये जर्मन जेझुइट पाद्र्यांनी काढले होते. पहिल्या महायुद्धात हे जर्मन सरकारचे शत्रू ठरले आणि त्यांच्या जागी स्पॅनिश पाद्री आले. त्यांच्यात १९२२ साली हेरास आले. (तेव्हा आमच्या मुळशी खोऱ्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह चालू होता. मुंबईला वीज हवी होती, आमच्या माणसांना जमीन.)

कोणता इतिहास शिकवणार, असे प्राचार्यांनी विचारताच त्यांनी हिंदुस्थानचा, असे सांगितले. त्यातले काय येते, या प्रश्नावर काहीच नाही, हे त्यांचे उत्तर. मग शिकवणार कसे? आधी स्वतः शिकेन, असे ते म्हणाल्याची आठवण सांगतात. आम्ही तर परीक्षेतसुद्धा एवढे प्रामाणिक नसतो!

आणि ते खरेच शिकले. १९२६ मध्ये त्यांनी महाविद्यालयातच इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती मुलांच्या त्या महाविद्यालयात नाणी, मूर्ती, हस्तलिखिते गोळा होऊ लागली. तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरवर राज्य करणाऱ्या अरविडू घराण्यावर १९२७ साली मोठा ग्रंथ लिहिला तो या कॅथलिक पाद्र्याने. पुढे मोहेंजोदडोच्या लिपीने त्यांना झपाटले. द्राविडी भाषांत मीन म्हणजे मासा आणि ताराही, म्हणून मुद्रांवरचा मासा तारा सुचवत असावा, हा तर्क त्यांचा. त्यांचे एकूण वाचन विद्वानांनी मानले नाही. पण माशाचा धागा फिनलंडच्या आस्को पार्पोला यांनी पुढे नेला.

स्वतःचा धर्म त्यांनी लपवला नाही. उलट ख्रिस्ती चित्रकलेने भारतीय रूप घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. आँजेलो द फोन्सेका या चित्रकाराने मरियेला साडी नेसवली तेव्हा पुष्कळ ख्रिस्ती मंडळीच रागावली; हेरास मात्र त्याच्या पाठीशी राहिले. आता यात बाटले कोण, हे आजीने सांगावे.

१९५५ मध्ये मुंबईतच ते वारले. संस्थेला त्यांचे नाव दिले गेले, १९८१ साली टपाल तिकीटही निघाले.

हे सगळे मी आजीला सांगितले. शेवटी तो आपल्यात आला का, असे तिने विचारले. नाही, अखेरपर्यंत पाद्रीच राहिला, असे मी म्हणालो. ती जरा वेळ गप्प बसली. मग एवढ्या वर्षांत त्याला आपली भाकरी तरी गोड लागली का, असे विचारून चुलीकडे वळली.