कॉख यांचा जंतू आणि एचआयव्ही

रॉबर्ट कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या खाणकाम करणाऱ्यांच्या गावी झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर ते एका लहान गावात सरकारी डॉक्टर होते. तेथे घरीच प्रयोग करून त्यांनी १८७६ मध्ये अँथ्रॅक्सच्या जंतूचे जीवनचक्र उलगडले.

त्यानंतर त्यांनी क्षयरोगाकडे लक्ष वळवले. क्षयाचा जंतू सहजी रंग घेत नाही आणि वाढायलाही आठवडे लावतो. कॉख यांनी त्यासाठी रंगवण्याची वेगळी पद्धत शोधली, गोठवलेल्या रक्तद्रवावर जंतू वाढवला आणि तो टोचून गिनिपिगमध्ये क्षय होतो, हे सिद्ध केले. हा शोध त्यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. आज तोच दिवस जागतिक क्षयरोग दिन आहे.

१८९० मध्ये मात्र त्यांना मोठे अपयश आले. क्षयजंतूंपासून बनवलेले ‘ट्युबरक्युलिन’ हे औषध म्हणून निरुपयोगी ठरले. काही रुग्णांना तर त्याने अपायच झाला. पण ज्यांना क्षयाची लागण झालेली असते, त्यांच्या शरीरात ते तीव्र प्रतिक्रिया उमटवते. त्यामुळे पुढे ते निदानासाठी उपयोगी पडले. प्लेगच्या अभ्यासासाठी कॉख १८९७ मध्ये मुंबईत आले होते. १९०५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि २७ मे १९१० रोजी त्यांचे निधन झाले.

ट्युबरक्युलिनने उमटणारी प्रतिक्रिया म्हणजे जंतूची ओळख पटून जाग्या झालेल्या प्रतिकारपेशी. कॉख यांच्यानंतर सात दशकांनी, १९८३ मध्ये सापडलेला एचआयव्ही नेमका याच जागेपणाचा फायदा घेतो. हा विषाणू आपली जनुके सीडी-४ पेशींच्या डीएनएमध्ये मिसळतो. पेशी सुप्त असेल, तर तोही बहुधा गप्प राहतो. क्षयजंतू आले, की भक्षकपेशी टीएनएफ हे संदेशरसायन सोडतात. त्यामुळे पेशीतील एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन जागे होऊन संरक्षक जनुके सुरू करते. हेच प्रथिन विषाणूच्या जनुकांचीही कळ दाबते आणि विषाणूच्या नव्या प्रती वेगाने तयार होऊ लागतात. त्यातून सीडी-४ पेशी घटतात, क्षयजंतूंभोवतीचा पेशींचा वेढा ढिला पडतो आणि क्षय बळावतो.

म्हणूनच एचआयव्हीबाधितांनी खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा घटते वजन अंगावर काढू नये. क्षयरुग्णांनीही एचआयव्ही तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रांत दोन्हींची औषधे मोफत मिळतात. एकाच आजारावर उपचार केले, तर दुसरा त्याला पुन्हा बळ देतो.