बीजसंग्राहक वाव्हिलोव

रशियातील मॉस्को शहरी २५ नोव्हेंबर १८८७ रोजी निकोलाय वाव्हिलोव यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मूळचे खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातील. परंतु ते लहान वयातच शहरात आले आणि पुढे कापडाचे मोठे व्यापारी बनले. मुलाने आपलीच गादी चालवावी अशी त्यांची इच्छा असल्यामुळे निकोलायला व्यापारी शिक्षण देणाऱ्या शाळेत घालण्यात आले. तेथे शिकविल्या जाणाऱ्या परकीय भाषा पुढे त्यांना देशोदेशीच्या प्रवासात फार उपयोगी पडल्या. व्यापारात मात्र त्यांचे मन रमले नाही.

त्या काळी रशियात दुष्काळ ही नवलाची गोष्ट नव्हती. वाव्हिलोव चार वर्षांचे होते तेव्हा, म्हणजे १८९१ साली, व्होल्गा नदीच्या प्रदेशात पिके बुडाली आणि पुढल्या वर्षभरात लाखो माणसे उपासमारीने व रोगराईने दगावली. जमीन अफाट; तरीही ती कसणाराच उपाशी, अशी त्या देशाची विचित्र स्थिती होती. १९०६ साली शाळा संपताच वाव्हिलोव यांनी मॉस्कोच्या वेशीवरील शेतकी संस्थेत नाव घातले.

या संस्थेत प्र्यानिश्निकोव नावाचे थोर अध्यापक होते. वनस्पतींचे पोषण कसे होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. विद्यार्थ्याने केवळ व्याख्याने ऐकून शेती शिकू नये, तर प्रयोगशाळेत आणि शेतात स्वतः काम करावे, असा त्यांचा कटाक्ष असे. १९०८ साली वाव्हिलोव इतर विद्यार्थ्यांबरोबर कॉकेशस पर्वताच्या प्रदेशात अभ्यासदौऱ्यावर गेले. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय ऐकून आज कोणासही हसू येईल. मॉस्को प्रांतातील शेतांची व भाजीमळ्यांची नासाडी करणाऱ्या, पाठीवर शंख नसलेल्या गोगलगाईंवर त्यांनी प्रबंध लिहिला! पण ज्या शेतकऱ्याचे कोवळे पीक रातोरात फस्त होते, त्याला तो विषय क्षुद्र वाटत नसतो. तो प्रबंध १९१० साली छापून प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते युक्रेनमधील पोल्तावा येथील शेतकी प्रयोगकेंद्रावर कामास गेले. हा काळ्या, कसदार मातीचा मुलूख. पुस्तकात वाचलेले पीक आणि वाऱ्यावर डोलणारे पीक यांत केवढे अंतर असते, ते अशा ठिकाणीच उमगते.

१९११ साली शिक्षण पूर्ण झाले. आता अध्यापकाची जागा पत्करून स्वस्थ बसणे त्यांना शक्य होते. पण आपले ज्ञान अद्याप कच्चे आहे, अशी त्यांची भावना होती. म्हणून त्यांनी सेंट पीटर्सबर्ग येथील उपयोजित वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुखांकडे, रॉबर्ट रेगेल यांच्याकडे, उमेदवारी करण्याची परवानगी मागितली. ती मिळताच १९११ च्या अखेरीस ते तेथे दाखल झाले. सुमारे वर्षभराच्या या उमेदवारीने त्यांच्या साऱ्या आयुष्याची दिशा ठरविली.

रेगेल यांचा विभाग तेव्हा लहानसा होता. गहू, सातू, ओट इत्यादी पिकांच्या ठिकठिकाणच्या जाती गोळा करणे, त्यांचे नमुने ओळखून नीट लावून ठेवणे हे तेथले काम. बाहेरच्या माणसाला गहू म्हणजे गहू. परंतु येथे बसून ओंब्या न्याहाळू लागले, की कुसळ असलेली, कुसळ नसलेली, केसाळ, गुळगुळीत, तांबूस, पांढरी असे नाना प्रकार डोळ्यांपुढे उभे राहतात. याच शहरात याचेव्स्की नावाचे शास्त्रज्ञ पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करीत. वाव्हिलोव यांनी त्यांच्याकडेही काम केले. एका ठिकाणी पिकांची विविधता आणि दुसऱ्या ठिकाणी पिकांचे रोग, अशा दोन विद्या त्यांच्या हाती आल्या.

या दोहोंच्या संगमातून एक प्रश्न त्यांच्या मनात पक्का रुजला. शेजारी शेजारी पेरलेल्या दोन जातींपैकी एकीवर तांबेरा पडतो आणि दुसरी हिरवीगार राहते, याचे कारण काय? पाऊस तोच, माती तीच, रोगही तोच. तेव्हा फरक असला पाहिजे तो बियाण्यात, त्याच्या आनुवंशिक गुणात. मॉस्कोस परतल्यावर त्यांनी शेकडो जाती पेरून पाहिल्या. बहुतेक गव्हांवर भुरी रोग पडला. पण पर्शियन नावाच्या गव्हाला त्याची बाधा झाली नाही. एरवी ज्या गव्हाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते, त्याच्यात हा दुर्मीळ गुण दडलेला होता. दूरच्या डोंगरात एखादा गरीब शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जे बी पेरीत आला, ते नाहीसे झाले तर त्याबरोबर असा कोणता गुण नष्ट होईल, हे सांगता येत नाही. म्हणून आधी ते गोळा करून जपले पाहिजे, या निश्चयापासून वाव्हिलोव पुढे कधीही ढळले नाहीत.

१९१३ साली ते इंग्लंडला गेले आणि बेटसन या प्रख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी आनुवंशिकतेचा अभ्यास केला. पहिले महायुद्ध सुरू झाल्यामुळे त्यांना परतावे लागले. १९१६ साली उत्तर इराणमधील रशियन सैनिकांना तेथली भाकरी खाऊन गुंगी येऊ लागली, तेव्हा कारण शोधण्यास वाव्हिलोव यांना पाठविण्यात आले. गव्हात मिसळलेल्या एका तणाच्या बुरशीयुक्त दाण्यांचा तो दोष होता. ते कोडे सोडवून ते तसेच पुढे पामीरच्या उत्तुंग पठारावर बियाणे गोळा करण्यास निघून गेले.

१९१७ साली ते व्होल्गाकाठच्या सारातोव शहरी प्राध्यापक झाले. देशात क्रांती झाली होती, यादवी युद्ध पेटले होते. तरीही त्यांच्या विद्यार्थ्यांची शेतातील कामे थांबली नाहीत. इतक्यात, १९२० साली, रेगेल टायफसच्या साथीत मृत्यू पावले. वाव्हिलोव यांना आपल्या हाताशी घ्यावे, अशी शिफारस त्यांनी पूर्वीच करून ठेविली होती. ज्या विभागात वाव्हिलोव यांनी उमेदवारी केली, त्याचेच ते आता प्रमुख झाले. १९२१ साली ते आपल्या सारातोवच्या विद्यार्थ्यांसह पेट्रोग्राडला, म्हणजे नाव बदललेल्या सेंट पीटर्सबर्गला, गेले. १९२४ मध्ये त्या शहराचे लेनिनग्राड असे पुन्हा नामांतर झाले.

मग सुरू झाली ती अखंड भ्रमंती. १९२४ साली घोड्यांच्या तांड्यांसह अफगाणिस्तान. १९२६–२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतालचे देश व इथिओपिया. त्यानंतर चीन, जपान आणि अमेरिका खंड. सीरियात मलेरियाने गाठले, तरी त्यांनी प्रवास सोडला नाही. गावच्या बाजारात जाऊन ते मूठमूठ धान्य विकत घेत आणि पुडक्यांत बांधून लेनिनग्राडला पाठवून देत. या प्रवासांतून त्यांना दिसून आले, की प्रत्येक पिकाच्या सर्वांत अधिक जाती पृथ्वीच्या ठरावीक प्रदेशांतच आढळतात. ते प्रदेश म्हणजे त्या पिकांची जन्मस्थाने होत. आपल्या ताटातील तूर, वांगे आणि आंबा यांचे माहेर त्यांनी भारताच्या प्रदेशात मांडले होते. १९४० पर्यंत त्यांच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले. जगात इतका मोठा बीजसंग्रह तेव्हा दुसरा नव्हता.

परंतु याच सुमारास लायसेंको नावाच्या माणसाचे प्रस्थ वाढले. परिस्थिती बदलली की वनस्पतीचे आनुवंशिक गुण झटपट पालटता येतात, असा त्याचा दावा होता. तो चुकीचा होता; पण लवकर पीक हाती येण्याची घाई झालेल्या राज्यकर्त्यांना तो गोड वाटला. नवी जात तयार होण्यास वर्षे लागतात, हे वाव्हिलोव यांचे खरे बोलणे त्यांना कडू लागले. मत बदलले असते तर ते कदाचित वाचते. त्यांनी ते बदलले नाही. ६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये ते रोपे गोळा करीत असता त्यांना अटक झाली. त्या दिवशीच्या त्यांच्या गाठोड्यात सहकाऱ्यांना जुन्या जातीचा एक अर्धरानटी गहू सापडला. घातपात व हेरगिरी असे खोटे आरोप ठेवून १९४१ साली त्यांना देहान्ताची शिक्षा फर्माविण्यात आली. पुढे ती वीस वर्षांच्या कैदेत बदलली. तुरुंगात त्यांनी जगातील शेतीचा इतिहास लिहिला. ते हस्तलिखित नष्ट झाले. अंधाऱ्या कोठडीत ते सोबतच्या कैद्यांना शास्त्रावर व्याख्याने देत.

त्याच सप्टेंबरात जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. तो सुमारे ९०० दिवस चालला. पहिल्याच हिवाळ्यात अन्नावाचून माणसे रस्त्यात पडू लागली. वाव्हिलोव यांच्या संस्थेत पोत्यांनी गहू, तांदूळ, शेंगदाणे होते. त्यांचे सहकारी थंडीने कुडकुडत त्या बियाण्यावर पहारा करीत राहिले. त्यातला दाणाही त्यांनी तोंडात टाकला नाही. तांदळाच्या संग्रहाचे रक्षक द्मित्री इवानोव भुकेने मरण पावले, तेव्हा त्यांच्याभोवती तांदळाची हजारो पुडकी शाबूत होती. शेंगदाण्यांचे तज्ज्ञ शुकिन आपल्या टेबलापाशीच गतप्राण झाले.

सारातोवच्या तुरुंगातील वाव्हिलोव यांना यातले काही कळण्याचा मार्ग नव्हता. ज्या शहरात ते एकेकाळी प्राध्यापक होते, तेच हे शहर. तेथेच २६ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, उपासमारीने खंगून त्यांचा अंत झाला. १९५५ साली त्यांच्यावरील सर्व आरोप रद्द करण्यात आले आणि पुढे त्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. साठविलेले बी फार वर्षे टिकत नाही. म्हणून संस्थेच्या शेतांवर जुने नमुने ठरावीक काळाने पेरतात, पीक काढतात आणि ताजे बी पुन्हा पुडक्यांत भरून ठेवतात.