क्लेसी कमिन्स

क्लेसी लाइल कमिन्स (२७ डिसेंबर १८८८ – १७ ऑगस्ट १९६८) हे अमेरिकन यंत्रज्ञ, संशोधक व उद्योजक होते. कमिन्स इंजिन कंपनीचे ते संस्थापक होत. अमेरिकेतील रस्त्यांवर डिझेल इंजिन रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. जड वाहनाला उतारावर इंजिनाच्याच साहाय्याने आवरणारा इंजिन ब्रेक ही त्यांची सर्वांत महत्त्वाची देणगी मानली जाते.

सुरुवातीचे जीवन

कमिन्स यांचा जन्म इंडियाना राज्यातील हनी क्रीक येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण आठवीच्या पुढे गेले नाही. मात्र यंत्रांची ओढ उपजत होती. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी स्वतः ओतकाम करून एक लहान वाफेचे इंजिन तयार केले. १९०८ मध्ये कोलंबस या गावातील सावकार विल्यम ग्लँटन अर्विन यांच्याकडे ते मोटारचालक म्हणून रुजू झाले. अर्विन यांनी आपल्या चालकाच्या अंगचे कसब ओळखले व त्याला कार्यशाळेसाठी जागा आणि भांडवल पुरवले. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत विजेत्या मार्मन मोटारीच्या दुरुस्ती पथकातही कमिन्स यांनी काम केले होते.

कंपनीची स्थापना व डिझेलचा प्रसार

३ फेब्रुवारी १९१९ रोजी कमिन्स इंजिन कंपनी स्थापन झाली. प्रारंभी तिने शेतीसाठी लहान तेल इंजिने बनवली. पहिले दशक तोट्याचे गेले आणि अर्विन यांचा धीर सुटू लागला. तेव्हा कमिन्स यांनी एका जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवले आणि १९२९ च्या नाताळच्या दिवशी अर्विन यांना त्या मोटारीतून फेरफटका घडवला. त्यामुळे कंपनीला पुन्हा भांडवल मिळाले.

यानंतर कमिन्स यांनी जाहिरातीपेक्षा प्रत्यक्ष प्रवासावर भर दिला. १९३१ मध्ये डेटोना येथील समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या डिझेल मोटारीने ताशी १०० मैलांहून अधिक वेग गाठला. त्याच वर्षी इंडियानापोलिस येथे कमिन्स डिझेल मोटारीने ५०० मैलांची संपूर्ण शर्यत एकदाही न थांबता पूर्ण केली. कंपनीला नफा होण्यास मात्र १९३७ साल उजाडावे लागले.

काहोन खिंडीतील प्रसंग

१९३१ मध्येच कमिन्स दोन सहकाऱ्यांसह डिझेल ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले. ३,२१४ मैलांच्या या प्रवासाला केवळ ११.२२ डॉलरचे इंधन लागले. परंतु कॅलिफोर्नियातील काहोन खिंडीच्या लांब उतारावर ट्रकचे ब्रेक तापून निकामी झाले. समोर रेल्वेचे फाटक होते आणि मालगाडी रूळ ओलांडत होती. तिचा शेवटचा डबा पुढे सरकला आणि अगदी थोडक्या अंतराने ट्रक रुळांपलीकडे निघून गेला. या प्रसंगाने एक प्रश्न कमिन्स यांच्या मनात कायमचा राहिला: जे इंजिन भार चढावर ओढून नेते, त्यानेच तो उतारावर का आवरू नये?

इंजिन ब्रेकचा शोध

या प्रश्नाचे मूळ डिझेल इंजिनाच्या रचनेत आहे. पेट्रोल इंजिनात पाय काढताच हवेची वाट बंद होते, निर्वात निर्माण होतो आणि वाहन आपोआप मंदावते. डिझेल इंजिनात हवेची वाट मोकळीच असते. दट्ट्या हवा दाबतो खरा, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळून त्याला पुन्हा खाली लोटते. खर्च झालेली शक्ती जवळजवळ सगळी परत मिळते व रोध फारसा उरत नाही.

१९५५ मध्ये कंपनीतून निवृत्त झाल्यावर कमिन्स यांनी या प्रश्नाला हात घातला. दट्ट्या वरच्या टोकाशी पोहोचत असतानाच निकास झडप उघडली, तर दाबलेली हवा बाहेर निसटते आणि दट्ट्याला खाली लोटणारे बळच उरत नाही. नेमक्या त्या क्षणी झडप उघडणार कशी, ही खरी अडचण होती. आपल्या इंजिनात इंधन फवारणारा इंजेक्टर त्याच क्षणी हलतो, हे त्यांनी हेरले; त्याची हालचाल तेलाच्या दाबाद्वारे निकास झडपेपर्यंत पोहोचवली. त्यांच्या स्वतःच्या कंपनीने हा शोध स्वीकारला नाही. अखेर जेकब्स कंपनीने १९६१ मध्ये त्याचे उत्पादन सुरू केले.

टर्बो व एक्झॉस्ट ब्रेक

टर्बोचार्जर निकास वायूच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये अधिक हवा भरतो. १९५२ मध्ये टर्बो बसवलेल्या कमिन्स डिझेल मोटारीने इंडियानापोलिस शर्यतीत पहिल्या क्रमांकाचे प्रारंभस्थान मिळवले. मात्र हवेच्या वाटेत टायरचे कण अडकल्याने तिला शर्यत सोडावी लागली. टर्बोमुळे ट्रक अधिक भार अधिक वेगाने चढवू लागला, पण चाकांचे ब्रेक त्यामुळे वाढत नाहीत. म्हणूनच शक्ती वाढवताना रोधाचीही सोय करावी लागते.

एक्झॉस्ट ब्रेक हा त्याचा तुलनेने साधा प्रकार आहे. त्यात बहुधा टर्बोच्या पुढे निकास नळीत एक पाकळी बसवतात. ती मिटली की वायू कोंडला जातो व दट्ट्याला मागे दाब सोसावा लागतो. हा दाब मर्यादेबाहेर गेला तर निकास झडपा स्प्रिंगच्या विरुद्ध ढकलल्या जाऊन अवेळी उघडतात व इंजिनाला इजा होते. त्यामुळे असा ब्रेक नंतर बसवताना उत्पादकाने ठरवलेली दाबमर्यादा व झडपांच्या स्प्रिंगा तपासणे आवश्यक असते. कमिन्स यांच्या पद्धतीत टर्बो उलट साहाय्यक ठरतो. सिलिंडरमध्ये जितकी अधिक हवा दाबली जाते, तितका रोध वाढतो. दोन्ही प्रकार चाकांच्या ब्रेकना थंड ठेवतात. त्यांची जागा घेत नाहीत.

महाराष्ट्राशी संबंध

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत वाढलेल्या किर्लोस्कर उद्योगसमूहाने १९६२ मध्ये पुण्यात कमिन्स कंपनीच्या सहकार्याने किर्लोस्कर कमिन्सची स्थापना केली. सातारा जिल्ह्यातील फलटण येथेही कमिन्सचा मोठा औद्योगिक परिसर आहे. पुण्यातील कर्वेनगर येथील महिला अभियांत्रिकी महाविद्यालयाला कमिन्सचे नाव आहे. पुणे–सातारा मार्गावरील खंबाटकी आणि कराड–चिपळूण मार्गावरील कुंभार्ली या घाटांत, भरलेल्या ट्रकपुढे उतारावर तोच प्रश्न उभा राहतो, जो १९३१ मध्ये कमिन्स यांच्यापुढे उभा राहिला होता.

अखेरचा काळ

कमिन्स यांचे आत्मचरित्र १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र लाइल कमिन्स यांनी डिझेल इंजिनाच्या इतिहासाचे लेखन केले. जेकब्स इंजिन ब्रेकला अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९८५ मध्ये अभियांत्रिकीतील ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली.