जामखेडच्या डॉक्टरबाई

अहमदनगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला जामखेड तालुका आहे. २०२४ साली या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जामखेडचा परिसर दुष्काळी आहे. पन्नास वर्षांपूर्वी तेथील खेड्यांत रस्ते नीट नव्हते, पिण्याचे पाणी पुरेसे नव्हते आणि डॉक्टर तर नव्हतेच. जन्मलेल्या एक हजार बालकांपैकी १७६ बालके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावत. हे चित्र बदलण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या डॉ. मेबल आरोळे यांची ही कहाणी आहे.

मेबल यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५ रोजी जबलपूर येथे झाला. त्यांचे वडील तेथील एका ख्रिस्ती विद्यालयात प्राध्यापक होते. मेबल अभ्यासात हुशार होत्या. दक्षिण भारतातील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या. नगर जिल्ह्यातील रजनीकांत आरोळे हे त्याच कॉलेजात शिकत होते. गरीब खेडुतांची सेवा करायची, हे दोघांचेही स्वप्न होते. त्यांनी विवाह केला आणि आपले आयुष्य खेड्यांसाठी देण्याचा निश्चय केला.

मराठी ही मेबल यांच्या घरची भाषा नव्हती. पण रुग्णाचे दुःख समजायचे, तर त्याची भाषा आलीच पाहिजे. म्हणून त्या मराठी शिकल्या. पुढे याच भाषेत त्यांनी शेकडो स्त्रियांना शिकवले.

१९६२ ते १९६६ या काळात आरोळे पतिपत्नी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन हॉस्पिटलात काम करत होते. हा दवाखाना नफ्यासाठी चालवलेला नव्हता. तेथे दिवसरात्र रुग्णांची रीघ लागे. दोघे मनापासून इलाज करत. रुग्ण बरे होऊन घरी जात. पण काही महिन्यांनी तेच रुग्ण तोच आजार घेऊन परत येत. जुलाबाने सुकलेले मूल बरे होई. मात्र घरी गेल्यावर पुन्हा तेच घाण पाणी पिई. बहुतेक आजार टाळता येण्यासारखे होते. नुसत्या औषधाने गाव निरोगी होणार नाही, हे मेबल यांच्या लक्षात आले.

पुढील शिक्षणासाठी दोघे अमेरिकेस गेले. तेथे बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथे राहून त्यांना भरपूर पैसा मिळवता आला असता. परंतु १९७० साली ते भारतात परतले आणि त्यांनी जामखेड निवडले. गुरांच्या दवाखान्याच्या एका जुन्या इमारतीत त्यांचे काम सुरू झाले. त्यांच्या संस्थेचे नाव कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट, म्हणजे ग्रामीण भागाच्या सर्वांगीण आरोग्याचा प्रकल्प.

त्या वेळी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. लोकांना औषधाच्या आधी पाणी आणि अन्न हवे होते. आरोळ्यांनी प्रथम तेच काम हाती घेतले. गावांत विंधन विहिरी खोदल्या गेल्या. काही हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले गेले. मग पाण्यासाठी सारे गाव त्या वस्तीत येऊ लागले. तहान जात पाहत नाही, हे लोकांना उमगले.

आता गावोगावी आरोग्याचे ज्ञान कोण नेणार, हा प्रश्न होता. सुरुवातीला शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठवले. पण त्या गावात परक्या ठरल्या. लोक त्यांचे ऐकत नसत. तेव्हा एक नवा मार्ग सुचला. गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला दवाखान्याने शिकवावे. निवडलेल्या स्त्रियांपैकी बहुतेक निरक्षर होत्या. काही दलित होत्या, काही पतीने टाकलेल्या होत्या. ज्यांना घरातही कोणी विचारत नव्हते, त्यांच्या हाती गावाचे आरोग्य द्यायचे होते. अशिक्षित बाईला डॉक्टरांचे काम कसे जमेल, अशी शंका अनेकांना वाटली.

मेबल यांना मात्र या स्त्रियांवर विश्वास होता. दर आठवड्याला त्या जामखेडला येत. तेथे सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करत आणि एकत्र शिकत. मेबल त्यांना सोप्या मराठीत शिकवत. मुलाचे वजन कसे करावे, जुलाब झाल्यास मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, बाळंतपण स्वच्छतेने कसे करावे, क्षय आणि कुष्ठरोग कसा ओळखावा, हे सर्व त्या शिकल्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या निर्भयपणे बोलायला शिकल्या. त्यांना सुरुवातीला थोडेसे मानधन मिळे. पुढे अनेकींनी कर्ज घेऊन छोटे व्यवसाय सुरू केले आणि त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

या कामाचे फळ लवकरच दिसू लागले. बालमृत्यूचे प्रमाण १९७६ पर्यंत दर हजारी ५२ वर आले आणि १९९० नंतरच्या दशकात ते तीसच्याही खाली गेले. लोक कमी आजारी पडले, तर नफ्यासाठी चालणाऱ्या दवाखान्याचे उत्पन्न घटते. जामखेडचा दवाखाना मात्र त्यालाच आपली कमाई समजत असे. तेथे कठीण रुग्णांवर उपचार आणि शस्त्रक्रिया होत. त्यातून मिळालेल्या पैशाचा काही भाग खेड्यांतील कामासाठी खर्च होई.

१९७९ साली आरोळे पतिपत्नींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला येऊ लागले. तेथे या खेड्यांतील स्त्रियाच त्यांना आपले काम समजावून सांगत. पुढे मेबल यांनी युनिसेफसाठीही काम केले. १९९९ साली त्यांचे निधन झाले. डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. जामखेडचे काम मात्र थांबले नाही.

२००५ साली भारत सरकारने गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमण्याची योजना सुरू केली. गावातीलच स्त्रीने गावाचे आरोग्य सांभाळावे, हा जामखेडचा विचार त्या योजनेतही दिसतो. मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यात बाळांना लस देण्याची आठवण करून देणारी आशाताई येत असेल. तिला पाहाल तेव्हा जामखेडच्या त्या निरक्षर स्त्रियांची आठवण ठेवा. डॉ. मेबल यांनी आपली विद्या स्वतःजवळ न ठेवता त्यांना वाटून दिली. धन वाटले तर कमी होते. विद्या वाटली तर वाढते. ती किती माणसांना जगवू शकते, हे जामखेडने दाखवून दिले.